मोडीत सापडलेली खेळणी

मुंबई-पुण्याहून चेन्नईला जाणारा माणूस सहसा सेंट्रल स्टेशनवर उतरतो. मग मरीना, मैलापूरचं कपालीश्वर, एक दिवस महाबलीपुरम आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी टी. नगरात साड्यांची खरेदी. एग्मोर त्याच्या वाट्याला येतं ते पुढं तंजावर, मदुराई, रामेश्वर करायचं असेल तरच, कारण दक्षिणेच्या बहुतेक गाड्या इथून सुटतात. लॉजच्या पाट्या, कॉफीचा वास, "रूम वेणुमा सार?" असं विचारत मागं लागणारे दलाल. एवढंच एग्मोर पाहून तो गाडीत बसतो.

या वेळी मात्र मी एग्मोरसाठीच एग्मोरला गेले होते. शोधायची होती जुनी खेळणी. जुनी म्हणजे राजेरजवाड्यांचं हस्तिदंती बुद्धिबळ वगैरे नव्हे हं! तुमच्या-माझ्या घरात होती तशी: किल्लीची पत्र्याची मोटार, टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारा बोटभर हत्ती, लाकडी भातुकली, मान डोलावणारी बाहुली. घरातले देव पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात, दागिने जपले जातात, तांब्यापितळेची भांडीसुद्धा माळ्यावर का होईना, टिकतात. खेळणं मात्र मोडण्यासाठीच जन्माला येतं. त्यातून जे उरतं ते अपघातानं. घर रिकामं होणं आणि भंगारवाल्याचा काटा यांच्यामध्ये चार-आठ दिवसांचा अवधी असतो, तेवढ्यात ते कुणाच्या नजरेला पडलं तरच वाचतं. जुन्या सामानाचं दुकान म्हणजे हा चार-आठ दिवसांचा अवधी, थोडा लांबवलेला.

मग ही शोधाशोध एग्मोरलाच का? त्याची कारणं इथल्या इतिहासात आहेत. एग्मोरचं लाल-पांढरं, घुमटांचं स्टेशन १९०८ साली उघडलं. साउथ इंडियन रेल्वेचं हे मीटरगेजचं मोठं ठाणं. सिलोनला जाणारी प्रसिद्ध 'बोट मेल' इथूनच सुटायची. धनुष्कोडीला गाडीतून उतरायचं, बोटीत बसायचं, पलीकडे तलाईमन्नारला पुन्हा गाडी. डिसेंबर १९६४ च्या वादळानं धनुष्कोडीच गिळलं आणि तो मार्ग संपला. पण तोवर या स्टेशनाभोवती, वेपेरीत, पुरसैवाक्कममध्ये आणि पेरांबूरच्या रेल्वे कारखान्याच्या आसपास अँग्लो-इंडियन कुटुंबांची दाट वस्ती झालेली होती. गार्ड, ड्रायव्हर, तारबाबू, स्टेशनमास्तर. १९४७ नंतर यातली कितीतरी कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. बोटीवर मोजकंच सामान नेता यायचं. राहिलं ते विकून जायचं: पियानो, वेताच्या झुलत्या खुर्च्या, चिनी मातीचे सेट. आणि त्यांच्याबरोबर मुलांचे मेकॅनोचे डबे, हॉर्नबीच्या पत्र्याच्या आगगाड्या, काचेच्या डोळ्यांच्या बाहुल्या. आगगाडी चालवणाऱ्या बापानं मुलाला आगगाडीच घेऊन द्यावी, हे किती साहजिक!

दुसरा ओघ आला चेट्टिनाडहून. कारैकुडीची गाडी एग्मोरहून सुटते. तिकडच्या चेट्टियार सावकारांनी ब्रह्मदेशात, मलायात पैसा मिळवला आणि गावाकडं शंभर-शंभर माणसं मावतील असे वाडे बांधले. पुढं वारस वाढले, व्यापार आटला आणि वाडे विकले जाऊ लागले. दारं-खांब एकीकडे, एनॅमलचे डबे दुसरीकडे, ब्रह्मी लाखकामाची करंडीवजा भांडी तिसरीकडे. या सामानात मराठी माणसाला चमकवणारी एक गोष्ट हमखास निघते. लक्ष्मी-सरस्वतीची जुनी छापील चित्रं, त्यांच्या साडीवर खरोखरीची जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. चेट्टिनाडच्या बायकांची ती हौस. चित्राच्या खालची बारीक अक्षरं वाचा: रविवर्मा प्रेस. राजा रविवर्म्यानं हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. मळवलीला छापलेली लक्ष्मी कारैकुडीत जर नेसून एग्मोरच्या बाजूला विकायला येते!

तिसरं कारण आपल्याकडंही आहे तेच. बंगले पडताहेत, फ्लॅट उभे राहताहेत, आणि फ्लॅटला माळा नसतो.

स्टेशनपासून पंधराएक मिनिटं चाललं की पुदुपेट लागतं. मोटारींच्या सुट्या भागांचा हा चेन्नईतला सर्वांत नामांकित बाजार. अख्खी गाडी इथं शिरते आणि दारं, आरसे, गिअर, स्टिअरिंग अशा वेगवेगळ्या ढिगांत वाटली जाते. रस्ता ग्रीसनं काळा. या खऱ्या मोटारींच्या स्मशानाला लागून असलेल्या गल्ल्यांत 'पळय सामान', म्हणजे जुनंपानं घेणाऱ्यांची लहान-लहान दुकानं असतात. पाटी नाही, काचेचं कपाट नाही. पंखे, टाइपरायटर, इस्त्र्या, कुलपं, तराजू यांच्या मागं कुठंतरी एक गोणपाट किंवा बिस्किटांचा चौकोनी डबा असतो आणि त्यात मुलांचं सामान. तो मागावा लागतो. आपण होऊन कुणी दाखवत नाही, कारण त्यात मालकाला फारसं काही मिळायचं नसतं.

मी ज्या दुकानात दोन दुपारी काढल्या, त्याचा मालक साठीचा, कपाळावर विभूती, कमरेला लुंगी. माझं तमिळ 'वणक्कम'च्या पुढं जात नाही म्हटल्यावर त्यानं सरळ हिंदी सुरू केली. तरुणपणी दहा वर्षं धारावीत काढली होती म्हणे. "बसा अक्का," असं मराठीतूनच म्हणून त्यानं एक उलटा पाटा पुढं केला. मी त्याला अण्णा म्हणू लागले. अण्णा आणि अक्का, दोन्ही भाषांत चालणारे शब्द. सोय झाली.

पहिल्याच डब्यात हाताला लागली बिनाकाची जनावरं. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. बिनाका टूथपेस्टच्या प्रत्येक खोक्यात एक इवलंसं प्लॅस्टिकचं खेळणं असायचं. रेडिओवर १९५२ पासून बिनाका गीतमाला आणि बाथरूमच्या फळीवर बिनाकाचा जिराफ. पेस्ट संपायच्या आधीच नवी आणा म्हणून मुलं हट्ट धरायची. पुढं बिनाकाचं सिबाका झालं, खेळणी गेली. इथं अकरा जनावरं एका सुतळीत ओवलेली होती. कुणीतरी मुलानं प्रत्येकाच्या पायातून दोरा घालून त्यांची वरात केली असणार. अण्णा सुतळी कापायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

मग डिंकीच्या मोटारी. फ्रँक हॉर्नबीनं लिव्हरपूलला १९०१ साली मेकॅनोचं पेटंट घेतलं. त्याच्याच कंपनीच्या या डिंकी मोटारी १९३० च्या दशकात निघाल्या आणि १९७९ साली कारखाना बंद पडेपर्यंत जगभर खेळल्या गेल्या. अण्णाकडं चार होत्या. तिघींचा रंग उडालेला, पण धातू ठणठणीत. चौथीचा रंग जवळजवळ शाबूत आणि तीच नेमकी घेऊ नये अशी. टपावर बारीक तडे गेलेले, कोपऱ्याला बोट लावलं तर भुकटी पडते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर तो वर्षांनुवर्षं आतून पोखरत जातो. जाणकार त्याला जस्ताची कीड म्हणतात. तिला औषध नाही. वरून देखणी मोटार, पण कपाटात ठेवल्या जागीच एक दिवस तिचे तुकडे.

त्याखाली लाकडी 'चोप्पु' होती. चोप्पु म्हणजे त्यांची भातुकली. लाल-हिरव्या लाखेची चूल, घागर, जातं, परात. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांची मावसबहीणच म्हणा. फक्त आपल्याकडं पोळपाट-लाटणं असतं, तिथं इडलीपात्र. शेजारी पल्लांगुळीचा पट: दोन ओळींत सात-सात खळगे, त्यात कवड्या किंवा चिंचोके वाटत जायचे. मुलीच्या रुखवतात हा पट देतात. हा घडीचा होता, आणि त्याच्या एका खळग्यात अजून पाच चिंचोके अडकलेले होते.

सगळ्यात गंमत केली ती पत्र्याच्या आगबोटीनं. आपल्या जत्रांतून मिळायची तीच. बोटीच्या पोटात तेलाची वात पेटवायची, ती टकटकटक करत परातभर पाण्यात फिरते. हिच्यात यंत्र म्हणून काही नसतंच. पातळ पत्र्याची चपटी डबी आणि तिच्यातून पाण्यात सोडलेल्या दोन नळ्या. डबीतल्या पाण्याची वाफ झाली की नळीतलं पाणी मागं फेकलं जातं, बोट पुढं जाते; वाफ निवली की पाणी परत आत ओढलं जातं. टकटक वाजतो तो डबीचा पत्रा. थॉमस पिओ नावाच्या फ्रेंच माणसानं १८९१ साली इंग्लंडात याचं पेटंट घेतलं होतं. अण्णाच्या नातवानं बादली आणली, देव्हाऱ्यातलं तेल आणलं. तीनदा वात विझली. चौथ्यांदा बोट चालली, तेव्हा समोरच्या दुकानातले दोन मेकॅनिक हातातले पाने घेऊनच येऊन उभे राहिले. आपल्यापेक्षा मोठ्या माणसांना बघायला आवडतं असं खेळणं आता कुठं बनतं?

या छंदाला लागायचं तर थोडं डिटेक्टिव्हचं काम करावं लागतं. खेळण्यावर साल नसतं, पण खुणा असतात. खोक्यावरचा पत्ता पाहा. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी नुसतं 'बॉम्बे-४' किंवा 'मद्रास-८' लिहीत. हा ८ म्हणजे एग्मोरच. आजचा पिन ६००००८ आहे त्यातला शेवटचा आकडा. किंमत आण्यांत असेल तर माल बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधला. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमधला, साधारण १९४७ ते १९५२. अधिक चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात रूढ होऊ लागला. तेव्हा 'व्हिक्टोरिया राणीच्या काळची' पेटी कुणी दाखवली आणि तिला तसे स्क्रू दिसले, तर हसून पुढं चालू लागावं.

फसवाफसवी अर्थातच आहे. सगळ्यात जास्त ग्रामोफोनच्या बाबतीत. कुठल्यातरी जुन्या मशीनचा सांगाडा, त्यावर नवाकोरा पितळी कर्णा, खोक्यावर कुत्र्याचं नवं चित्र. मुंबईच्या चोर बाजारात दिसतो तोच हा जोडकाम केलेला माल सगळ्या शहरांत फिरतो. पत्र्याची नवी खेळणी मुद्दाम गंजवूनही विकली जातात. खरा गंज सांध्यात, कड्यांत, किल्लीच्या भोकाशी असतो. नकली गंज सगळीकडे सारखा. शिवाय खरं खेळणं हाताळलेलं असतं. मुलाचं बोट जिथं पडतं तिथलाच रंग गेलेला असतो. ही झीज नकली करता येत नाही.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक सांगते. जुन्या रंगांत शिसं असायचं. ही खेळणी कपाटात शोभतील, पण दात येणाऱ्या बाळाच्या हाती ती देऊ नका. तसंच, कितीही मोह झाला तरी नवा रंग लावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानापुढं रिक्षा थांबली. सत्तरीच्या एक आजी आणि बरोबर रिक्षावाल्यानं उचललेली काळी पत्र्याची ट्रंक. झाकण उघडलं. आत जुन्या धोतराच्या फाडलेल्या तुकड्यांत एकेक गुंडाळलेली बोम्मै, नवरात्रातल्या कोलुच्या बाहुल्या. कोलु म्हणजे विषम संख्येच्या पायऱ्यांवर मांडलेला देवा-माणसांचा दरबार. पाच, सात, नऊ पायऱ्या. दर वर्षी एखादी तरी नवी बाहुली यायचीच, आणि आईच्या बाहुल्या लेकीकडं जायच्या. त्यामुळं कोलु म्हणजे घरातल्या बायकांची वंशावळच असते. ट्रंकेत दशावतार होते, लग्नाची वरात होती, वाण्याचं दुकान मांडून बसलेले ढेरपोटे चेट्टियार आणि त्यांची बायको होती.

अण्णानं आधी पितळ बाजूला काढलं. दोन समया, एक घंटा. काट्यावर ठेवली, भाव सांगितला. मग बाहुल्यांकडं पाहून मान हलवली. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मातीला वजन आहे, भाव नाही.

त्याच वेळी मी फोनवर घरी मराठीत बोलत होते. आजींनी वळून पाहिलं. "मराठी का तू?" तंजावरकडच्या मराठी घरातल्या त्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्यांपैकी. घरात अजून मराठीच बोलतात, पण लिहितात तमिळमध्ये. क्रियापदं आपल्या पणजीच्या वेळची, हेल तमिळ, मधूनच एखादा शब्द असा की अर्थ लागायला क्षणभर थांबावं लागतं. सासूबाईंकडून आलेला कोलु त्यांनी पन्नासेक वर्षं मांडला. आता लेक परदेशात, घर बिल्डरकडं, आणि जायचं ते दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये.

"मग या बाहुल्यांचं काय आजी?"

"तेच विचारायला आले ना बाळ."

ट्रंकेच्या तळाशी वेगळ्या फडक्यात एक जोडी होती. मरप्पाची. रक्तचंदनाचे लाकडी राजा-राणी, हात-पाय अंगाला चिकटलेले, चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. लग्नात माहेरहून मिळते ही जोडी. कोलुत पहिला मान यांचा. अण्णानं हात पुढं केला, कारण याला गिऱ्हाईक आहे. आजींनी ती जोडी उचलून पदरात घेतली. "हे नाही. हे माझं लाकूड आहे." पुढं त्या काही बोलल्या नाहीत.

मातीच्या बाहुल्या अखेर अण्णानं ठेवून घेतल्या, फुकट. नवरात्राच्या आधी कुणीतरी येतं, म्हणाला. नव्या सुनांना तयार कोलु हवा असतो, पायऱ्या भरायला. विकल्या गेल्या तर पैसे पोचवीन. आजींनी त्याला कुठली बाहुली कुठल्या पायरीवर ते सांगायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं. एक बाहुली मात्र आजींनी माझ्या हातात दिली. तंजावरची, बुडाला जड, राजाराणीतली राणी. तिला आडवी पाडा, ती पुन्हा उठून बसते. सगळं वजन तळाच्या गोलात असल्यामुळं तिला पडून राहताच येत नाही. मराठा राजांच्या काळात ही कला बहरली असं तंजावरकर सांगतात. मान आणि कंबर वेगवेगळी डोलणारी 'तलैयाट्टी बोम्मै' हीही तिथलीच. २००८-०९ मध्ये तंजावरच्या बाहुल्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजारातल्या नव्या बाहुल्या बहुतेक प्लॅस्टिकच्या. जुनी माती-लगद्याची हातात घेतली की फरक वजनानंच कळतो.

ही राणी पिशवीत घालून मी एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेले. पँथियन रोडवरचं हे संग्रहालय १८५१ मध्ये सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी हे एक. चोळांचे ब्राँझ नटराज आणि अमरावतीचे शिल्पपट पाहायला जगभरचे लोक येतात. मी मात्र शस्त्रांच्या दालनात जास्त रेंगाळले, कारण तिथं तंजावरच्या मराठा राजवाड्यातली शस्त्रं आहेत. १८५५ मध्ये तंजावरची गादी खालसा झाली. राजवाड्यातलं शस्त्रागार इंग्रजांनी मद्रासला आणलं, त्यातले निवडक नमुने संग्रहालयानं ठेवून घेतले, आणि बाकीची शस्त्रं मोडून भंगारात विकली. म्हणजे काट्यावर चढवून. आज आपण ज्या कट्यारी काचेआड पाहतो त्या राहिल्या, कारण ढिगाऱ्यापुढं उभं राहून कुणीतरी 'ही नको, ही ठेवा' म्हटलं. पुदुपेटपासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे.

राजाच्या तलवारीसाठी निदान कुणी उभं राहतं. पत्र्याच्या मोटारीसाठी कोण राहणार? पुण्याला दिनकर केळकर उभे राहिले. अडकित्ते, दिवे, चुली, कंगवे, सोंगट्या, बाहुल्या, असं घरोघरचं सामान त्यांनी जुन्या बाजारातून, पडक्या वाड्यांतून गोळा केलं आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभारलं. १९७५ मध्ये ते शासनाच्या हाती सोपवलं. एग्मोरच्या संग्रहालयाच्या आवारात मुलांसाठी वेगळं दालन आहे, त्यात बाहुल्याही आहेत. पण बिनाकाचा हत्ती अजून कुठल्या सरकारी काचेआड गेलेला माझ्या पाहण्यात नाही.

चेन्नईकरांशी जुन्या वस्तूंबद्दल बोलायला लागलं की दहाव्या मिनिटाला मूर मार्केटचा विषय निघतो. एग्मोरहून लोकलनं एकच स्टेशन, पार्क. तिथं उतरून रस्ता ओलांडला की सेंट्रल, आणि त्याच्या कडेला ही लाल विटांची, कमानींची इमारत होती. महापालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांच्या नावाची, १९०० साली उघडलेली. जुनी पुस्तकं, तबकड्या, नाणी, पोस्टाची तिकिटं, खेळणी, पोपट, ससे. मिळायचं नाही असं काही नाही, आणि घासाघीस इतकी की नवख्यानं तोंडच उघडू नये. जागा रेल्वेच्या विस्ताराला द्यायच्या हालचाली आधीपासून चालू होत्या. ३० मे १९८५ ला मार्केटला आग लागली आणि सगळं जळालं. दुकानदारांना जवळच अल्लिकुळमच्या संकुलात गाळे दिले गेले, बाजार चालू राहिला. पण पूर्वीच्या मूर मार्केटची गोष्ट सांगताना साठी-सत्तरीच्या माणसांचा आवाज बदलतो. ज्या वस्तू काट्यावरून वाचून तिथं पोचल्या होत्या, त्या एका दिवसात गेल्या. जागेवर आता सेंट्रलचं उपनगरी स्टेशन आहे. त्याच्या आवारात जुन्या इमारतीची छोटी प्रतिकृती उभी केली आहे. म्हणजे ज्या बाजारात खेळणी मिळायची, त्या बाजाराचंच खेळणं झालं.

श्रीमंत घरांतलं सामान मात्र मूर मार्केटला जात नसे. ते माउंट रोडवरच्या मरे कंपनीच्या लिलावात यायचं. रविवारी सकाळी जुन्या बंगल्यातल्या शिसवी कपाटांपासून कपबशांपर्यंत सगळ्यावर बोली लागायची. याच कंपनीच्या एस. राजम यांनी १९५० च्या दशकात तमिळ अभिजात ग्रंथ सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत छापले आणि तमिळनाडू त्यांना 'मरे राजम' म्हणूनच ओळखू लागला. लिलावाच्या हातोड्यावर कमावलं, ग्रंथांवर खर्च केलं. असे व्यापारी कमीच.

कुणाला जायचं असेल तर नवरात्राच्या महिनाभर आधीचा काळ चांगला. माळे तेव्हाच झाडले जातात, कोलुच्या ट्रंका तेव्हाच उघडतात. सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत निघावं. पुदुपेटला जाताना चांगल्या चपला घालू नयेत. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. देवाची ब्राँझ मूर्ती कुणी कितीही स्वस्तात देऊ केली, तरी हात लावू नये. देवळांतल्या मूर्तींच्या चोऱ्या इतक्या, की तमिळनाडू पोलिसांना त्यासाठी १९८३ पासून वेगळी शाखाच ठेवावी लागली आहे.

आणि काहीही घेताना एक प्रश्न जरूर विचारा: हे कुठल्या घरातून आलं? नाव कळणार नाही, कळावं असंही नाही. पण 'वेपेरीच्या रेल्वे क्वार्टरमधून' किंवा 'कारैकुडीच्या वाड्यातून' एवढं दुकानदाराला आठवत असतं. ते एका चिठ्ठीवर लिहून खेळण्याच्या खाली ठेवावं. दुकानदार गेला की ही माहितीही जाते, कारण ती त्याच्या वहीत नसते.

निघताना अण्णानं बोट, चोप्पु आणि बिनाकाची वरात वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. चिंचोके अडकलेला पल्लांगुळीचा पट मला हवा होता, पण त्यानं तो बाजूला ठेवला. लाकूड चांगलं आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. तर म्हणाला, "हा नातवाच्या आजीनं मागून घेतलाय. दुपारी खेळतात दोघं."